गुलाबाखाली ऐकलेलं

प्लास्टरच्या नक्षीकामात मिस्त्रींचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण जिभेला हाड नाही, हे बायको त्यांना रोज ऐकवायची.

वकीलबाईंच्या ऑफिसातल्या छतावरच्या प्लास्टरच्या गुलाबाच्या तीन पाकळ्या गळून पडल्या, तेव्हा त्यांनाच बोलावणं आलं.

"गुलाबच का हो बसवला असेल?" घमेल्यात प्लास्टर कालवता कालवता त्यांनी विचारलं.

"लॅटिनमध्ये म्हणतात 'सब रोझा'. गुलाबाखाली," वकीलबाई म्हणाल्या. "जुनी कथा आहे. आईच्या भानगडी झाकून राहाव्यात म्हणून प्रेमाच्या देवाने मौनाच्या देवाला गुलाब दिला. लाचच म्हणा ना! मग लोक बैठकीच्या छतावर गुलाब काढू लागले. त्याखाली बोललेलं तिथेच राहायचं."

"आमच्या स्वयंपाकघरात एक बसवतो," मिस्त्री हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, धुळीसाठी टांगलेल्या कापडामागे ते डबा खात होते. वकीलबाईंना वाटलं, मिस्त्री बाहेर गेलेत. तेवढ्यात ओळखीचा आवाज आला. गल्लीतल्या शिंपीणबाईंचा.

"गुरुवारी तो ड्यूटीवर गेला की मुलीला घेऊन बहिणीकडे निघते. आता मार सोसवत नाही."

मिस्त्रींनी निदान खाकरायला हवं होतं. ते घास तोंडात तसाच धरून ऐकत राहिले.

शिंपीणबाईंचा नवरा बसड्रायव्हर, मिस्त्रींचा पत्त्यांतला जोडीदार. त्याच्याकडे ते अवाक्षर बोलले नाहीत. फक्त बायकोला सांगितलं, "कुणाला बोलू नकोस." बायकोने फक्त वहिनीला सांगितलं. बुधवारी ड्रायव्हरला कळलं.

गुरुवारी तो ड्यूटीवर गेलाच नाही. मुलीला त्याने आपल्या आईकडे नेऊन ठेवलं. शिवणाच्या दुकानाला आठवडाभर कुलूप होतं. उघडलं, तेव्हा शिंपीणबाईंचा हात प्लास्टरमध्ये होता.

मिस्त्रींना अन्न गोड लागेना. शेवटी दुकानात जाऊन उभे राहिले.

"ताई, ते माझ्या तोंडून फुटलं."

शिंपीणबाईंनी एका हाताने चालवलेलं मशीन थांबवलं नाही. "मग? मी माफ केलं की तुम्हाला झोप लागणार?"

"नाही. मी काय करू, ते सांगा."

"तो मला मारतो, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. कोर्टात सांगाल?"

पाहिलं होतं. दोनदा. दोन्ही वेळा त्यांनी हातातल्या पत्त्यांत डोकं घातलं होतं.

कोर्टात मिस्त्रींनी सगळं सांगितलं, ड्रायव्हरच्या तोंडावर. अर्ध्या गल्लीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. आठ महिन्यांनी कोर्टाने मुलगी शिंपीणबाईंच्या ताब्यात दिली.

मायलेकी गाव सोडून निघाल्या, तेव्हा ट्रंक उचलायला मिस्त्री पुढे झाले.

"राहू द्या," शिंपीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ती स्वतःच उचलली.

मिस्त्री गाडी सुटेपर्यंत तिथेच उभे होते.