मास्तरांचे दोन आठवडे

गल्लीत कुणाकडे बाळ झालं की मास्तर आधी लग्नाची तारीख विचारत. मग बोटांची पेरं मोजत. नऊ महिने पुरे भरले तर मास्तरांचा चेहरा पडे. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाल्यावर लोकांच्या बायकांची पोटं मोजायला घेतली. असल्या माणसाला गल्ली हुशार म्हणायची. मला त्यांची शिसारी यायची.

मी प्रसूतिगृहातली जुनी नर्स. एकदा मास्तर आपल्या पुतण्याला, त्याच्या आईला आणि बायकोला घेऊन आले. पुतण्या बोटीवर नोकरीला, परतून जेमतेम साडेसहा आठवडे झालेले. सोनोग्राफीचा रिपोर्ट मास्तरांनीच सुनेच्या हातातून ओढला, पेरं मोजली आणि बाकांवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आठ आठवडे! तेव्हा हा तर समुद्रात होता."

सासू सुनेजवळून उठून पलीकडच्या बाकावर बसली. नवरा आपले बूट बघत राहिला. पोरगी एकटीच त्याच्याकडे बघत होती. चांगली पाच मिनिटं.

आतून मला सगळं दिसत होतं; हातातलं इंजेक्शन देऊन होताच मी धावत आले. "मास्तर, आम्ही मोजतो ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. आठातून दोन वजा करा."

"पोटात काही नसतानाचे दिवस कसले मोजता? तुमची पद्धतच चुकीची!"

"पाळीची तारीख बाईला ठाऊक असते. गर्भ कधी राहिला ते नेमकं कुणालाच ठाऊक नसतं. तुम्हालाही."

अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला हा माणूस माफी मागेल, अशी माझी अपेक्षाच नव्हती. चष्मा पुसून म्हणाला, "माझी बेरीज बरोबरच होती."

नवऱ्याने सुस्कारा सोडला. "चला, मिटलं एकदाचं!" त्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

तिने तो काढला. "काकांना माहीत नव्हतं. तुला तर मी माहीत होते ना?"

पुढच्या प्रत्येक तपासणीला ती आपल्या वडिलांबरोबर आली. आम्ही दिलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी मुलगी झाली. नवरा खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. "सिस्टर, आत जाऊ का?"

मी तिला विचारायला गेले. तिने बाळावरून नजर न काढता सांगितलं, "दोन आठवडे थांबू दे त्याला."