मखमलीचे दोन तुकडे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि दादांना—माझ्या वडिलांना—तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? नीटसं ठाऊक नाही. गेल्या महिन्यापासून हात स्वस्थ राहत नाहीत. वर्गात शिकवतानाही मी टेबलाची कड एकाच दिशेने घासत असतो. विद्यार्थ्यांच्या लक्षात आलंय ते.

आधी काम काय होतं ते सांगू द्या. साध्या डिजिटल घड्याळाच्या पडद्यात एक पदार्थ असतो—द्रवस्फटिक. वाहतो पाण्यासारखा, पण त्याचे लांबट रेणू एका दिशेला तोंड करून राहतात. अठरा वर्षांपूर्वी, इथे म्हैसुरातच, पीएच.डी. करताना मी त्यात नॅनोकण मिसळून बघत होतो. डोळ्यांना कधीच न दिसणारे, अतिसूक्ष्म कण. त्यांनी रेणूंची ती शिस्त वाढते, की मोडते? आमच्या सरांना वाटत होतं, मोडेल. माझ्या मोजमापात ती वाढली. चांगलीच वाढली.

पण या रेणूंना आधी दिशा दाखवावी लागते. काचेवर एक पातळ थर देतात आणि तो मखमलीने घासतात—हलक्या हाताने, नेहमी एकाच बाजूला. अशा दोन काचांच्या फटीत द्रवस्फटिक भरायचा. घासणं कच्चं राहिलं तर रेणू विस्कटलेले राहतात, आणि शिस्तीचा आकडा कमी येतो.

आम्ही शिंपी. मार्केटमागच्या गल्लीत दादांचं दुकान. लहानपणी त्यांनीच मला मखमलीवर हात फिरवायला शिकवलं होतं. मला ते मगा म्हणायचे, कन्नडातलं ‘बाळा’. "स्वल्प उलटा फिरव, मगा. बघ, रंग बदलला." आणि त्यांचा एक नियम होता. एका ब्लाउजला दोन थानांची, म्हणजे दोन वेगळ्या ताग्यांची, मखमल लावायची नाही. दुकानात सारखीच दिसते; उन्हात गेलं की बाही वेगळी पडते.

आणि त्यांच्या मुलाने काय केलं? शुद्ध द्रवस्फटिकाच्या काचा प्रयोगशाळेतल्या जुन्या, लव झिजलेल्या तुकड्याने घासल्या. मग नॅनोकणांच्या काचांची वेळ आली तेव्हा तो तुकडा फारच गेलाय असं वाटलं, म्हणून दादांच्या दुकानातून नवा आणला. आधीच्या काचाही त्याच नव्या तुकड्याने पुन्हा करायला हव्या होत्या. सुचलंच नाही. इथपर्यंत ती चूक होती—फक्त इथपर्यंत.

शोधनिबंध छापून आला. दादांनी त्याचं पहिलं पान दुकानातल्या आरशाशेजारी चिकटवलं. माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते दाखवायचे, म्हणायचे, "आमची मखमल आहे यात."

मग वनजा आली. माझ्यानंतर दोन वर्षांनी, रंगाऱ्यांच्या घरातली, आमच्यासारखीच निम्मं कन्नड मिसळून मराठी बोलणारी. मला अण्णा म्हणायची. तिने माझंच काम पुढे न्यायचं होतं, आणि त्याआधी ते एकदा जसंच्या तसं करून दाखवायचं होतं. तिला ते येईना. कपाटातल्या जुन्या तुकड्याने ती सगळ्या काचा घासायची—नॅनोकण असलेल्या आणि नसलेल्याही. दोन्हींचे आकडे सारखेच यायचे, आणि सारखेच कमी. नवा तुकडा? तो माझ्या खणात होता.

कपाटातला तो तुकडा तिच्या हातात बघितला तेव्हा मला दादांचा दोन थानांचा नियम आठवला. एका रविवारी सकाळी, कुणी नसताना, मी नव्या तुकड्याने शुद्ध द्रवस्फटिकाच्या काचा घासल्या आणि मोजलं. आकडा तोच आला—नॅनोकण घालून आला होता तोच. कणांनी काहीच केलेलं नव्हतं. दादा म्हणत होते ते शब्दशः खरं होतं. त्या निबंधात मखमलच होती, दुसरं काही नव्हतं.

वहीतलं ते पान मी फाडलं. नवा तुकडा पिशवीत घालून घरी नेला. प्रबंध द्यायला महिना उरला होता—पण हे मी कारण म्हणून सांगत नाहीये.

एक दिवस तिने विचारलं, "माझ्या हातातच दोष आहे, अल्वा—हो ना, अण्णा?"

मी म्हणालो, "सरावाने येईल."

तिने सराव केला. रिकाम्या काचा घेऊन, दिवसच्या दिवस. मी शेजारी उभा राहून पाहायचो. पट्टी धरून ओढल्यासारखा जायचा तिचा हात.

मग सरांनी मला बोलावून घेतलं. मुलगी कष्टाळू आहे, मग अडतंय कुठे, असं विचारलं. माझा निकाल चुकलेला असू शकतो का, हेही विचारलं. दार उघडंच होतं की नाही? एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "सर, घासताना तिचा हात सरळ जात नाही." माझ्यावर विश्वास न ठेवायला त्यांना काही कारण नव्हतं. त्यांनी ते तिला माझं नाव घेऊनच सांगितलं. पुढच्या महिन्यात तिने पीएच.डी.तून नाव काढून घेतलं. मला त्याच निबंधावर नोकरी लागली.

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. तिथे ती भेटली. बोगादीला राहते, गणिताच्या शिकवण्या घेते. विज्ञानाच्या नाही, कारण प्रयोग करून दाखवावे लागतात, असं हसत म्हणाली. राग कुठेच नव्हता. बरोबर तिची मुलगी होती, दहावी झालेली. आमच्या सूक्ष्मदर्शकापुढून हलायला तयार नव्हती. वनजाने तिला ओढूनच माझ्यापुढे आणलं.

"हे अण्णा. यांचा हात बघायला हवा होतास तू. माझा वाकडा, म्हणून मी सुटले." मग मला म्हणाली, "हीही माझ्यावरच गेलीय. सायन्सच हवं म्हणते. मी सांगितलंय, आपल्या हातांना लॅब झेपत नाही, कॉमर्स घे. तुम्हीच सांगा हिला स्वल्प."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी काय सांगितलं असेल? अठरा वर्षं होती माझ्याकडे वाक्य तयार करायला.

मी म्हणालो, "कॉमर्सही चांगलंच आहे."

मुलीने मान हलवली, आणि त्या दोघी फाटकाकडे गेल्या. गेल्या आठवड्यात तिचा प्रवेश झाला, कॉमर्सला. वनजाने मुद्दाम फोन करून सांगितलं, आभारही मानले. मी ते ऐकून घेतले.

वनजाचा हात सरळ होता. तिच्या मुलीचा तर मी पाहिलेलाही नाही.