सरांकडून परत आणलेली शाल

नॉर्वेत पीएचडी म्हणजे चक्क नोकरी असते. विद्यापीठ जागेची जाहिरात काढतं, आपण अर्ज करायचा, निवड झाली की दरमहा पगार. हे निपाणीला घरात सांगितलं तर आप्पा म्हणाले, शिकायचं आपण आणि पैसे त्यांनी द्यायचे, यात काहीतरी गोम आहे. आई विड्या वळत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, जागा कशाची गं? तंबाखूच्या धुळीनं फुप्फुसांचं काय होतं त्याची, मी म्हटलं. मग आपल्याच घरची की, असं म्हणून ती खोकली. ही जागा मला हवीच होती.

अर्जात शिफारस करणाऱ्या दोघांची नावं द्यायची होती. कॉलेजच्या बाई लगेच हो म्हणाल्या. राहिले बेळगावचे माझे एमएस्सीचे मार्गदर्शक सर. आमच्याकडं असल्या कामाला कुणी रिकाम्या हातानं जात नाही. आप्पांनी खडेबाजारात शाल-नारळ घेतला आणि सरांच्या घरी जाऊन त्यांचा रीतसर सत्कार केला. सरांनी शाल पांघरली, चहा पाजला आणि सांगितलं, आधी दोन वर्षं माझ्याकडं बिनपगारी काम करू दे, मग बघू. आप्पा मान डोलवत उठले. मला लई संताप आला. प्रयोग सगळे मी केलेले, पेपरवर पहिलं नाव सरांचं, आणि वर आणखी फुकट राबायचं?

दुसऱ्या दिवशी एकटीच बेळगावला गेले. सरांना म्हटलं, “शिफारस न्हाय तर शाल द्या.”

सरांच्या बायकोनं आतून शाल आणून दिली. चार माणसांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, आप्पा म्हणाले. नसू दे, म्हटलं. एकट्या कॉलेजच्या बाईंचं नाव घालून अर्ज पाठवला.

मुलाखत कॉम्प्युटरवर झाली. समोर नॉर्वेचे तिघंजण. त्यातल्या एका बाईंनी पहिल्यांदा तेच विचारलं, मार्गदर्शकांचं नाव का नाही? सर आजारी आहेत म्हणून सांग, असं आप्पांनी पढवून ठेवलं होतं. ते मला जमणार नव्हतं.

“त्यांना दोन वर्षं फुकट काम हवं होतं. मी नाही म्हटलं.”

“मग उद्या आम्हालाही नाही म्हणाल?”

“फुकट राबवलंत तर म्हणेन.”

दाराआड उभ्या आप्पांना इंग्रजी कळत नाही, पण माझा आवाज कळतो. गेली जागा, असं ते आईला सांगून आले.

निवड झाल्याची मेल आली तेव्हा तेच आप्पा गल्लीभर सांगत सुटले. थंडीला होईल म्हणून आईनं ती शाल माझ्या बॅगेत घातली. मी बाहेर काढली आणि आप्पांना म्हटलं, सत्कार करायचाच तर हिचा करा, हिच्या विड्यांवर मी शिकले. आप्पा क्षणभर घुटमळले. मग उठले आणि तिच्या खांद्यावर त्यांनी शाल घातली.

आईच्या मांडीवर विड्यांचं सूप तसंच होतं. “तंबाखूचा वास लागंल की शालीला,” ती म्हणाली.

लागू दे, मी म्हटलं.