आमच्यावर पण घरपट्टी लावा

घरपट्टी वाढली की आमचं गाव किती बोंबलतं ते मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. ग्रामपंचायतीत निवडून आले, तर लोक मला रस्त्यात अडवून ऐकवायला लागले. त्यामुळे एक बाई भर ग्रामसभेत उभी राहून "आमच्यावर घरपट्टी लावा" म्हणाली, तेव्हा माझ्या कानांवर माझाच विश्वास बसेना.

ती वाडीवरची. आमचं गाव कासू स्टेशनाजवळ, आणि हायवेच्या पलीकडे आदिवासी वाडी. लावणीला ती आमच्याच शेतात यायची. गावात घरोघर नळ येणार होते, वाडीला मात्र वगळलं होतं. तिथल्या बाया हंडे घेऊन, हायवे ओलांडून आमच्या विहिरीवर यायच्या. हिची सून पोटुशी होती. नळ नाही आला, तर त्या पोरीला भरल्या दिवसांत हंडा घेऊन ट्रकांमधून वाट काढावी लागणार होती.

सरपंच म्हणाले, "घरपट्टी भरत नाहीत, त्यांना नळ कसा द्यायचा?" ग्रामसेवकानं मान डोलावली. वाडीतल्या घरांची कधी नोंदच केली नव्हती, तर पट्टी येणार कुठून? तेव्हाच ती उठली.

"मंग लावा की पट्टी. आम्ही कधी नाय बोललो?"

सगळी सभा हसली. मागून कोणीतरी बोललं, "येडी हाय का ही, सोताहून कर मागते."

सगळ्यात मोठ्यानं हसला तो माझा दीर. बरीच वर्षं दुबईला काढून आलेला. मला म्हणतो, "वयनी, तिथं पगारावर दमडीचा टॅक्स नाय. इथं आम्ही भरायचं नि यांनी फुकट वापरायचं."

माझं डोकंच फिरलं. घरात मी त्याचं पुष्कळ ऐकून घेते, चारचौघांत नाही.

"भावजी, तुमच्या कंपनीतला तो स्वीडनचा इंजिनियर, ज्याच्या देशात अर्धा पगार करात जातो, तो पोरांच्या शाळेसाठी परत तिकडंच गेला ना? तुम्हीच सांगितलंत. आणि तुम्ही इतकी वर्षं राबलात, व्हिसा संपला तेव्हा तिथं तुम्हाला कोणी थांबा तरी म्हणालं का?" मी थांबले नाही. "आणि फुकट कसलं? ही साबण घेते, मोबाईलला रिचार्ज मारते, त्यावर तुमच्याइतकाच कर भरते. तुमचा खिसा नि तिचा खिसा सारखा हाय का?"

आता तोंड उघडलंच होतं. गावाबाहेर शेतात मुंबईच्या एका शेठचा बंगला आहे. एसी, हिरवळ, स्विमिंग पूल, सगळं आहे. पंचायतीत त्याची नोंद गोठा म्हणून. पट्टीही गोठ्याचीच. गावाला हे ठाऊक होतं, पण बोलायचं कोणी?

"सरपंच, त्या गोठ्यात म्हशी पोहतात का ओ? त्या गोठ्याला नळ मिळणार नि माणसं राहतात त्या घरांना नाय?"

परत सभा हसली, पण या वेळी आमच्या बाजूनं. सरपंचांना पण हसू आवरेना. त्याच सभेत ठरलं, वाडीही मोजायची आणि गोठाही.

ग्रामसेवक टेप घेऊन वाडीत गेला तेव्हा मी बरोबर होते. बायांनी अंगणं सारवून ठेवली होती, जसं काही लग्नच आहे. हिचं घर मोजून तो निघाला, तर ही त्याला अडवून म्हणते, "पडवी राह्यली की! ती पण धरा." नोकरीत पट्टी कमी करून मागणारे त्याला ढिगानं भेटले होते, वाढवून मागणारी हीच पहिली. बिचारा परत वाकला आणि पडवी मोजली. शेठच्या मॅनेजरनं बरीच वकिली केली, पण गोठ्याचा बंगला झालाच.

सून पेणच्या दवाखान्यात बाळंत व्हायच्या आधी वाडीत नळ आला. त्या दिवशी मी घरी येऊन शिरा केला आणि भावजींनाही वाढला. त्यांनी गुपचूप खाल्ला.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ही तरातरा पंचायतीत आली. मी खुर्चीत बसले होते. आजवर ती दाराशीच उभी राहायची. आज सरळ आत आली, समोरची खुर्ची ओढली आणि माझ्यावरच बरसली, "सकाळपासून नळाला टिपूस नाय. तुम्ही बसलाव कशाला हितं? पट्टी भरते मी!"

इतकं गोड माझ्याशी आयुष्यात कोणी भांडलं नव्हतं. "आत्ता बघते गो," म्हणाले आणि पाणी सोडणाऱ्या माणसाला फोन लावला.