श्रावणभाऊंची कोऱ्या शेपटीची विमानं

श्रावण खोब्रागडे चंद्रपूरच्या वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. कामावर दाब आणि तापमान दाखवणारे मीटर दुरुस्त करायचे आणि घरी विमानं बनवायचे. प्लास्टिकची, तळहाताएवढी, आणि सगळी जर्मन. दुसऱ्या महायुद्धात लढलेली. शहरातल्या तुकूम भागातल्या त्यांच्या घरात टीव्हीवर, फ्रिजवर, कपाटाच्या काचेमागे विमानंच विमानं होती. फक्त बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली जी फळी होती, तिच्यावर त्यांनी एकही विमान कधी ठेवलं नाही.

जर्मनच का, असं कोणी विचारलं की ते खरं कारण सांगत. खात्यातल्या एका सोबत्याच्या मुलासाठी हैदराबादहून मामानं सुट्या भागांचा डबा पाठवला होता. मुलानं दोन पंख चिकटवले आणि कंटाळून सोडून दिलं. डबा फिरत फिरत श्रावणभाऊंकडे आला. ते निघालं जर्मन लढाऊ विमान. ते पूर्ण झालं, मग दुसरं हवंसं वाटलं, आणि पहिलं जर्मन होतं म्हणून पुढची सगळी जर्मनच.

विमान हाती आलं तसं त्याच्याबद्दल वाचणंही आलं. वाचता वाचता त्या फौजेनं आणि त्या राजवटीनं काय केलं तेही त्यांच्या वाचनात आलं. त्यानंतर त्यांनी शेपटीवरचं स्वस्तिक लावणं बंद केलं. डब्यासोबत पाण्यात भिजवून लावायची चित्रं येतात, त्यात बरेचदा ते चिन्ह दोन तुकड्यांत छापलेलं असतं, कारण काही देशांत ते अख्खं छापायला बंदी आहे. श्रावणभाऊ ते तुकडे कागदावर तसेच राहू देत. त्यांच्या विमानांच्या शेपट्या कोऱ्या असत.

बायको, रीताबाई, एकदा म्हणाल्या, "इतकं वाईट वाटते तर बनवता कशाले?"

"विमानानं काय केलं? चालवणाऱ्यानं केलं," ते म्हणाले. पण या उत्तरानं त्यांचं स्वतःचंही समाधान झालेलं नव्हतं.

चाळिशीचा चष्मा करायला ते गोल बाजारातल्या प्रफुल कोंतमवारांच्या दुकानात गेले, तेव्हा काउंटरवर चष्म्यांच्या फ्रेमांमध्ये एक विमान उभं होतं. वाकड्या पंखांचं, बॉम्ब टाकणारं.

"हे जर्मन यू-सत्त्याऐंशी आहे ना?" श्रावणभाऊंनी विचारलं.

प्रफुलभाऊंनी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका गालात सारला, उठून उभे राहिले आणि गिऱ्हाइकाला थेट आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथं टेबलावर आणखी तीन अर्धवट विमानं होती. "या गावात मले वाटे का मी एकटाच येडा आहो," ते म्हणाले. चष्म्याचा नंबर त्या दिवशी तपासायचाच राहिला.

तेव्हापासून दर रविवारी, दुकान बंद असताना, दोघं त्या खोलीत बसू लागले. पुढं तिसरे लालसू मट्टामी आले. ते स्वतः आदिवासी, एटापल्लीकडच्या जंगलभागातल्या आश्रमशाळेत शिक्षक होते. डबे मिळत नव्हते तेव्हा शिवणीच्या झाडाच्या लाकडातून विमानं कोरायचे. महिन्यातून एकदा एसटीनं येत आणि रविवार संपवून परत जात. दोघं त्यांना गुरुजी म्हणत.

चंद्रपुरात हे काम सोपं नाही. उन्हाळ्यात रंग पिचकारीतून निघून प्लास्टिकवर पोचेपर्यंत वाळतो. हिवाळ्यात ओल्या रंगावर कोळशाची बारीक धूळ येऊन बसते. मग प्रफुलभाऊंनी खोलीत मच्छरदाणी बांधली. आत एक जण रंग मारत बसे आणि बाहेरून दोघं सूचना करत. प्रफुलभाऊंची पत्नी, पूनमबाई, चहा घेऊन आल्या की म्हणत, "बाळंतीण बसली का आज?" आणि तिघं हसत सुटत. प्रफुलभाऊ स्वस्तिकाचे दोन तुकडे चिमट्यानं असे जुळवत की जोड दिसू नये. श्रावणभाऊ शेजारी बसून स्वतःची शेपटी कोरी ठेवत.

"तुमी हे काऊन नाई लावत?" प्रफुलभाऊंनी सुरुवातीलाच विचारलं होतं.

"या निशाणीखाली माणसं जन्मावरून वेचून मारली, प्रफुलभाऊ. माझ्या हातून ते नाई होत."

"बरोबर आहे," प्रफुलभाऊ म्हणाले होते. "मी आपलं जसं होतं तसं करतो." विषय तिथंच संपला. त्यावरून कधी वाद झाला नाही. रीताबाईंच्या आजारपणात प्रफुलभाऊंनी रक्त दिलं, प्रफुलभाऊंच्या मुलीच्या लग्नात श्रावणभाऊ वाढायला उभे होते. अशी ती सोबत होती.

एका जानेवारीत शहरातल्या एका शाळेनं विज्ञान प्रदर्शनात त्यांना टेबल दिलं. पांढरी चादर अंथरून तिघांनी विमानं मांडली, पुढं नावांच्या चिठ्ठ्या ठेवल्या. मुलं येत होती, बोटं लावत होती. दुपारी शाळेतले एक सर आले. बराच वेळ पाहून म्हणाले, "या विमानाच्या शेपटीवर स्वस्तिक आहे, आणि याच जातीच्या त्या विमानावर काऊन नाई?"

प्रफुलभाऊ हसत म्हणाले, "ते आमच्या श्रावणभाऊचे आहेत. त्यायच्यात स्वस्तिक चालत नाई."

सरांनी श्रावणभाऊंकडे पाहिलं, खाली चिठ्ठीवरचं आडनाव वाचलं आणि मान हलवली. "हो, हो," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडं गेले.

श्रावणभाऊंनी बुटांचे रिकामे खोके काढले आणि आपली विमानं एकेक करून कापसात ठेवायला लागले.

"निघाले काऊन? अजून पाच वाजाचे आहेत," प्रफुलभाऊ म्हणाले.

"डोकं दुखून राह्यलं."

पुढच्या रविवारी ते गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. प्रफुलभाऊंचे फोन आले, तेव्हा ड्युटी सांगितली. वीज केंद्रात ड्युटीचं निमित्त कधीही चालतं. मग फोनही कमी झाले.

लालसू गुरुजी मात्र महिन्याच्या फेरीत सरळ तुकूमला आले. अंगणात खाटेवर बसून म्हणाले, "काय झालं ते सांगा."

"तुमी होते ना तिथं. ऐकलं नाई काय?"

"ऐकलं," गुरुजी म्हणाले.

"मी त्यायले कारण सांगितलं होतं. माझं कारण. मी वाचून, विचार करून ठरवलेलं. ते सगळं त्यायनं 'त्यायच्यात' या एका शब्दात पुसलं. इतके वर्ष मले वाटे मी प्रफुलभाऊचा मित्र आहो. त्या दिवशी समजलं, मी 'त्यायच्यातला' आहो."

गुरुजी पाणी प्याले. "दुकानात कोणी आलं का मले ते 'आमचे जंगलातले गुरुजी' म्हणते. मी हसून टाकतो."

"मीभी इतके दिवस हसतच होतो."

"मी बोलू काय त्यायच्याशी?"

"नको. तुमी सांगसान, मग ते येऊन माफी मागन. मले सांगून आणलेली माफी नाई पाहिजे. त्यायले आपल्या मनानं समजलं तर समजलं."

गुरुजींना ते पटलं नव्हतं, पण त्यांनी श्रावणभाऊंचा शब्द राखला.

पावसाळा संपता संपता गुरुजींचाच फोन आला. प्रफुलभाऊंचं तोंड उघडेनासं झालं होतं. गालातली जखम बरी होत नव्हती. नागपूरला नेलं, तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं. खालचा अर्धा जबडा आणि जिभेचा बराच भाग काढावा लागला होता.

श्रावणभाऊ दुसऱ्याच दिवशी गेले. दारात पूनमबाई होत्या. "किती दिवसानं आले भाऊ," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं.

प्रफुलभाऊ आतल्या खोलीत टेबलाशी बसले होते. नाकात नळी, गळ्याभोवती पंचा, चेहरा एका बाजूनं बसलेला. बोलता येत नव्हतं. मोबाईलवर टाइप करून दाखवत. श्रावणभाऊंना पाहून त्यांनी त्यांचं मनगट धरलं, ओढून समोरच्या स्टुलावर बसवलं आणि टेबलावरचा मोठा डबा त्यांच्याकडं सरकवला. युंकर्स कंपनीचं तीन इंजिनांचं विमान, सैनिक आणि सामान नेणारं. अंगभर पन्हाळी पत्र्यासारख्या रेघा असलेलं. डबा फोडलेला नव्हता. स्क्रीनवर शब्द आले, "एकट्यानं होत नाई."

मग श्रावणभाऊ रोज ड्युटी संपली की जाऊ लागले. प्रफुलभाऊंना फार वेळ बसवत नसे. ते आरामखुर्चीतून पाहत, खूण करत, कधी टाइप करत. "पुट्टी जास्त झाली." "पंख आधी नको." पॉलिश पेपर फिरवताना रेघा झिजू नयेत म्हणून श्रावणभाऊ नखाएवढे तुकडे कापून घासत, आणि प्रफुलभाऊ एवढंच काम हातात घेऊन शेजारी घासत बसत. त्या महिन्यांत दोघांच्या बोलण्यात प्रदर्शनाचं काही आलं नाही. श्रावणभाऊ रोज वाट पाहत होते. कशाची वाट पाहतो आहोत, ते त्यांनी रीताबाईंनाही सांगितलं नाही.

मार्चमध्ये दुखणं परत उलटलं. डॉक्टरांनी आता नागपूरला आणू नका म्हणून सांगितलं.

अशाच एका संध्याकाळी प्रफुलभाऊ बराच वेळ टाइप करत होते. पुसत होते, पुन्हा लिहीत होते. मग त्यांनी मोबाईल पुढं केला.

"तुमी मागच्या वर्षी जानेवारीत काऊन रागावले होते?"

श्रावणभाऊंनी ते दोनदा वाचलं. वर पाहिलं. प्रफुलभाऊ त्यांच्याकडं बघत होते, आणि त्या बघण्यात काही लपवलेलं नव्हतं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

"कोण रागावलं?" श्रावणभाऊ म्हणाले. "ड्युटी होती. प्लांटचं शटडाऊन सुरू होतं."

प्रफुलभाऊंनी पुन्हा लिहिलं, "मले वाटलं माझं काही चुकलं."

"नाई जी. काई नाई चुकलं."

प्रफुलभाऊंनी मान हलवली. त्यांचा चेहरा सैल झाला. मोबाईल मांडीवर ठेवून त्यांनी डोळे मिटले. श्रावणभाऊ इंजिनाचा पंखा बसवत राहिले, तो वाकडा बसला, काढून परत बसवला.

एप्रिलच्या उन्हात, सकाळी, प्रफुलभाऊ गेले. इरई नदीवरच्या स्मशानघाटावर माणसं उभं राहायला सावली शोधत होती. श्रावणभाऊ शेवटपर्यंत उन्हात उभे होते.

तेरवीनंतर पूनमबाई म्हणाल्या, "ते मोठं विमान पूर्ण करून द्याल काय? त्यायच्या बाकीच्या विमानांसारखंच करा. दुकानात ठेवाचं आहे."

श्रावणभाऊंनी मच्छरदाणीत बसून ते रंगवलं. पुढच्या फेरीला गुरुजी आले, तेव्हा फक्त शेपटी राहिली होती. श्रावणभाऊंनी चिमटा त्यांच्यापुढं ठेवला. "हे विमान प्रफुलभाऊचं आहे. त्यायच्या मनासारखं झालं पाहिजे. पण ती निशाणी तुमी लावा." ते उठून पुढच्या खोलीत गेले आणि पूनमबाईंनी दिलेला चहा पीत बसले. परत आले तेव्हा गुरुजींनी दोन तुकडे जुळवले होते. जोड दिसत होता.

संध्याकाळी ते गुरुजींना बसस्टँडवर सोडायला गेले. बाकावर बसल्यावर त्यांनी मार्चमधलं ते सगळं पहिल्यांदा सांगितलं.

"त्यायनं सरळ विचारलं होतं, गुरुजी. मी खोटं बोललो. म्हटलं, जाता माणूस, त्याले कशाले दुखवाचं?"

"बरोबरच केलं तुमी."

"तेच समजत नाई. आधी म्हटलं आपल्या मनानं समजू द्या. मग त्यायनं विचारलं, तर समजू दिलं नाई. मनातून मी त्यायले केव्हाच माफ केलं होतं. पण ज्याले माफ केलं, त्याले माहीतच नाई कशासाठी. मी सांगितलं असतं तर त्यायले वाईट वाटलं असतं. पण मग आमी दोघं त्या गोष्टीत सोबत तरी असतो. आता मी एकटाच आहो तिच्यात."

एटापल्लीची गाडी लागली. चढताना गुरुजींनी श्रावणभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला, आणि कंडक्टरनं घंटी मारेपर्यंत तो काढला नाही.

पूनमबाई आता दुकान स्वतः चालवतात. आतली खोली त्यांनी मोबाईल दुरुस्तीवाल्याला भाड्यानं दिली. श्रावणभाऊ निवृत्त झाले. वेळ भरपूर आहे. कपाटात न फोडलेले डबे आहेत. गुरुजी महिन्यातून एकदा अजून येतात, दोघं अंगणात बसून चहा पितात, शाळेचं, पावसाचं, रानातल्या मोहाचं बोलतात. विमान बनवायचं मात्र श्रावणभाऊंनी सोडून दिलं. कोणी विचारलं तर सांगतात, आता बारीक दिसत नाही. रीताबाई ते ऐकतात. तांदळातले खडे अजून श्रावणभाऊच निवडून देतात, आणि एकही सुटत नाही.