सुई तिसऱ्यांदा उडाली तेव्हा

ताईच्या हळदीला गाणी फक्त रेकॉर्डवर वाजतील, असं दादाने जाहीर केलं होतं. लॅपटॉपवाला डीजे म्हणजे त्याच्या मते बटण दाबणारा कारकून. त्याचा मित्र तरीही लॅपटॉप घेऊनच आला. दोघांची अट ठरली. नाचणाऱ्यांच्या धक्क्याने सुई तीनदा उडाली, की टर्नटेबल बंद आणि लॅपटॉप सुरू.

आनंद नगरच्या आमच्या गच्चीवर टर्नटेबल एका फोल्डिंगच्या टेबलावर ठेवलं होतं. पहिल्याच गाण्याला इंदूरच्या काकांनी दोन उड्या मारल्या आणि सुईही दोनदा उडाली.

"दो हो गए, खाँ," मित्र दादाला म्हणाला. आमच्या गावात कुणीही कुणालाही 'खाँ' म्हणतं.

आत्याने लगेच सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं. "पाय हलवायचे नाहीत. काय नाचायचं ते कमरेच्या वर नाचा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू तशीही नाचत नाहीस. तू टेबल धर."

मला हायसं वाटलं.

गालांना हळद लावलेली तीसेक माणसं खुर्चीत बसून गंभीरपणे खांदे उडवू लागली. काका तर डोळे मिटून फक्त भुवया नाचवत होते. चार गाणी सुई एकदाही उडाली नाही. दादा मित्राकडे बघून हसला.

त्यापुढच्या गाण्याला सुई उडाली. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

"मी नाही हो," काका म्हणाले.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. टेबल धरलेले माझे हात तालावर हलत होते. गाणं थांबलं होतं, तरी ते थांबले नव्हते.