एक जूनची पोर

डोळे मिटले की अजून मायची बोटं दिसतात... कार्तिकातल्या दवाने ओलावलेल्या कपाशीच्या ओळीतून ती पुढे सरकायची, पदराची ओटी पोटाशी घट्ट बांधलेली, आणि बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी ओरखडे काढले तरी कापूस तिच्या चिमटीत असा अलगद यायचा की त्याला ना पान लागे, ना काडी. किडीने पिवळी पडलेली कवडी ती वेगळी वेचायची, पण टाकायची मात्र कधीच नाही. त्या डागाळलेल्या कापसाच्या आमच्या घरी उशा होत. माझ्या साऱ्या बालपणाला त्या उशीचा वास आहे – उन्हाचा, मातीचा आणि सरकीच्या तेलकटपणाचा.

अशाच एका वेचणीत, चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या कोरडवाहू शेतात, बांधावरच्या निंबाखाली मी जन्मले. तारीख कोणी पाहिली नाही. पाहायला घरात कॅलेंडर तरी कुठे होतं!

पुढे शाळेत नाव घालायला माय मला घेऊन गेली, तेव्हा पहिलीला सहा वर्षं पुरी लागत आणि मला पाच महिने कमी पडत होते. गुरुजींना पटावर पोरं हवी होती. त्यांनी लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर उघडलं, दौतीत टाक बुडवला आणि माझ्यापुढे लिहून टाकलं – एक जून. आमच्या गावातली निम्मी पोरं एक जूनचीच. निळ्या शाईचा तो ओला, किंचित आंबूस वास मला तेव्हा फार आवडला होता, याची आज चीड येते.

चौथीत गुरुजींनीच धुळ्याच्या वसतिगृहाच्या शाळेसाठी माझा अर्ज भरला. तिथे परीक्षा देऊन निवडलेल्या मुलींना राहणं, जेवण, पुस्तकं सगळं मिळे. मी रात्रंदिवस धुळ्याचीच स्वप्नं पाहत होते. अर्ज परत आला. गुरुजींनी चष्मा वर सरकवून वाचलं, "एलिजिबल नाही. वय महिन्याने जास्त भरतंय."

माय हातातली वेचणी टाकून शाळेत आली. तिच्या लुगड्याला कापसाचे तंतू चिकटलेले होते.

"गुरुजी, हाई कापूस येचाना दिनमा जनमनी. बठ्ठा गावले माहीत शे. जेठमा कोठे कापूस ऱ्हास का?"

तिच्याजवळचा तो एकमेव पुरावा होता, आणि बिनतोड होता. जेठात वावरं उघडीबोडकी असतात हे शेंबडं पोरही सांगेल. पण गुरुजी हसले. मोठ्याने, मान मागे टाकून हसले. म्हणाले, "बाई, रजिस्टरला चढलेली तारीख देव आला तरी खोडता येत नाही. आणि कापूस काही दाखला होत नाही."

खोडली असती तर गुरुजींनीच ती खोटी लिहिली होती हे उघड झालं असतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ते हसणं मात्र तिथल्या तिथे कळलं. मी सूड धरणारी बाई आहे, आणि त्याची मला लाजही वाटत नाही. त्या दिवशी घरी येताना मायचा हात धरून मी मनाशी ठरवलं होतं – या माणसाला तो 'एलिजिबल नाही' मी एक दिवस ऐकवीन.

चोपड्याच्या हायस्कुलात जाड शब्दकोश हाती लागला, तेव्हा मी पहिल्यांदा तोच शब्द काढला. एलिजिबल – निवडण्यास योग्य. त्याचं मूळ लॅटिन, आणि त्या लॅटिन धातूचा जुना अर्थ वेचणं, वेचून बाजूला काढणं. मी वाचतच राहिले... म्हणजे हा शब्द मुळात माझ्या मायच्या बोटांचा! तो साहेबांच्या कागदांवर चढला, आणि जिने उभा जन्म वेचण्यात घालवला तिच्याच पोरीला बाजूला फेकून मोकळा झाला. संतापाने माझे कान गरम झाले होते.

अडखळत, रखडत मी शिक्षिका झाले आणि आमच्याच गावच्या शाळेत आले. ते लाल रजिस्टर माझ्या ताब्यात आलं. एका जूनमध्ये गुरुजी नातीला घेऊन दारात उभे राहिले – थकलेले, निवृत्त. पोरीला सहा पुरी व्हायला चार महिने कमी होते.

"एक जून टाका बाई, कोण बघतंय," ते म्हणाले.

"एलिजिबल नाही, गुरुजी," मी म्हणाले. किती वर्षं तोंडात धरून ठेवलेला घास होता तो! आणि गोड लागला, खोटं कशाला बोलू?

ते हसले नाहीत. नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "माझीही एक जूनच आहे, बाई. माझ्या गुरुजींनी लिहिलेली." आणि वळले. पोरगी पाटी छातीशी धरून मागे पाहत गेली. तिने माझं काही वाकडं केलं नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं. तरी मी हाक मारली नाही.

रजिस्टरच्या हिशेबाने मी एकतीस मेला निवृत्त झाले, माझ्या खऱ्या वयाचे पाच महिने बाकी असताना. तालुक्यातल्या एक जूनच्या आम्हा सात जणांना एकाच मांडवात नारळ दिले.

त्या वर्षी कार्तिकात मी वावरात गेले. कपाशी फुटली होती, दव होतं, बांधावर निंब होता. कार्तिकातला नेमका कोणता दिवस माझा, ते फक्त मायला ठाऊक होतं. दरवर्षी एका सकाळी ती अचानक गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवायची – "आज व्हयनी तू." मी कधी कॅलेंडर पाहून ठेवलं नाही. गुरुजींवर डूख धरण्यात इतकी गुंतले होते, की तेवढं पाहायचं राहून गेलं. माय गेली, आणि तो दिवसही तिच्याबरोबर गेला. आता माझ्याजवळ उरलीय ती गुरुजींनी दिलेली एक जून.